बिस्मथचा तुकडा आणि इलेक्ट्रॉनांची जोडी

(चिंचवड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोसरीच्या एमआयडीसीत ज्यांनी ऑटो लेथवर ॲल्युमिनियमचे बार चालवले आहेत, त्यांना 2011 हा ग्रेड सांगायला नको. त्यात पाच-सहा टक्के तांबं असतं, आणि शिसं व बिस्मथ अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हे दोन्ही धातू ॲल्युमिनियममध्ये विरघळत नाहीत, बारीक थेंबांसारखे विखरून राहतात. म्हणून चिप लांब सुटून टूलला गुंडाळत नाही, टचकन तुटते. आपल्या पट्ट्यात बिस्मथची ओळख एवढीच, चिप तोडणारा. फार तर पोटाच्या विकारावरच्या गोळ्यांमध्ये असतो तो. धातू म्हणून ठिसूळ, गुलाबी झाक असलेला, 271 अंश सेल्सिअसला वितळणारा. तार ओढावी तर ओढली जात नाही, आणि वीज वाहून न्यायलाही तांब्यापुढे अगदी दुबळा.

डिसेंबर 2016 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या चौघांनी जाहीर केलं की हाच बिस्मथ पुरेसा शुद्ध केला आणि पुरेसा थंड केला तर तो अतिसंवाहक होतो. साठ वर्षं पाठ्यपुस्तकात बसलेल्या एका सिद्धांताला त्याचं उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान त्याविषयी आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची उमेदीची वर्षं टूलरूममध्ये गेली. माल हातात घेण्याआधी ते त्याचा टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, मागत, हीट नंबर जुळवून बघत, आणि शंका आली तर धातूतले घटक सांगणाऱ्या स्पेक्ट्रो रिपोर्टशिवाय कटिंग सुरू होऊ देत नसत. संयोजकांनी मला ‘क्वांटम पदार्थांतली अपारंपरिक अतिसंवाहकता’ असा भारदस्त विषय दिला आहे. माझ्या मते या विषयाचं अर्धं मर्म त्या स्पेक्ट्रो रिपोर्टमध्येच आहे. मालात काय आहे आणि काय नसायला हवं, हे ज्याला नेमकं कळलं त्यालाच इथं काही सापडलं. बाकीच्यांची फसगत झाली.

आधी मूळ गोष्ट. तांब्याच्या तारेतून करंट गेला की तार तापते. आकुर्डीत तयार होणाऱ्या इलेक्ट्रिक चेतकच्या मोटरपासून ते चाकणच्या प्रेस शॉपच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळीकडे ही उष्णता बाहेर काढण्यासाठी खर्च येतो. इलेक्ट्रॉन धावताना स्फटिकातल्या कंपनांवर आणि दोषांवर आदळतात, ऊर्जा गमावतात. नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांनी 1908 मध्ये हेलियम द्रवरूप केला, आणि 1911 मध्ये त्या थंडीत पारा ठेवून बघितला. 4.2 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंशांच्या आसपास, पाऱ्याचा रोध एकदम नाहीसा झाला. कमी झाला असं नाही, मोजता येईना असा गेला. हीच अतिसंवाहकता.

याचा उपयोग आपल्यापैकी अनेकांनी करून घेतला आहे. एमआरआयच्या यंत्रात झोपलेल्या माणसाभोवती नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं असतं. एकदा करंट भरला की पुरवठा काढून घेतात आणि तो करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. मोठ्या रुग्णालयाच्या एमआरआय विभागातून छतावर किंवा भिंतीबाहेर निघालेला एक जाड नळ कधी बघा. वेटोळ्याची अतिसंवाहकता अचानक मोडली तर सगळा हेलियम उकळून वायू होतो, त्याला बाहेर जायला तो रस्ता ठेवलेला असतो.

हे घडतं कसं, याचं उत्तर मिळायला 46 वर्षं लागली. 1957 मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी ते दिलं, 1972 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं. इलेक्ट्रॉन ऋणभारित, एकमेकांना दूर ढकलणारे. पण एक इलेक्ट्रॉन स्फटिकातून जाताना आजूबाजूचे धनभारित आयन किंचित त्याच्याकडे झुकतात. आयन इलेक्ट्रॉनच्या हजारो पट जड, त्यामुळे ते झुकतात सावकाश आणि सरळही होतात सावकाश. तोवर पहिला इलेक्ट्रॉन कुठच्या कुठे निघून गेलेला असतो. मागे थोडा वेळ धनभारित राहिलेली जागा दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ओढून घेते. पहिला आता दूर आहे, म्हणून त्याचं ढकलणं या दुसऱ्याला जाणवत नाही. अशी त्यांची जोडी जमते. आयन जड केले तर अतिसंवाहकतेचं तापमान खाली यायला हवं, आणि पाऱ्याच्या वेगवेगळ्या समस्थानिकांवर 1950 मध्येच तसं दिसलेलं होतं. 1961 मध्ये दोन गटांनी अतिसंवाहक नळीत अडकलेलं चुंबकीय क्षेत्र मोजलं, तेव्हा त्याचा हिशोब एका इलेक्ट्रॉनच्या भाराशी जुळला नाही, दोघांच्या भाराशी जुळला.

जोडी जमली म्हणून रोध का जावा? तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा रस्त्यावर उभं राहून बघा. सुटा चालणारा माणूस धक्का लागला की अडखळतो. पण टाळाच्या ठेक्यावर पावली घालत चाललेल्या दिंडीतला एकजण थांबवायचा तर अख्खी दिंडी थांबवावी लागते. अतिसंवाहकात सगळ्या जोड्या एका तालात असतात. स्फटिकातल्या किरकोळ दोषाची त्यातल्या एखादीला वेगळं पाडण्याची ताकद नसते.

इथं एक अट दडलेली आहे, आणि आजच्या विषयाचा गाभा तीच आहे. इलेक्ट्रॉन चपळ हवेत आणि स्फटिकाची कंपनं मंद. तो वेगातला फरक गेला तर एक इलेक्ट्रॉन निघून जाईपर्यंत दुसऱ्यानं थांबण्याचा हा सगळा व्यवहार कोसळतो.

पुढच्या तीस वर्षांत या सिद्धांतात न बसणारे, म्हणजे अपारंपरिक, पदार्थ एकामागून एक निघू लागले. 1979 मध्ये जर्मनीत फ्रँक श्टेग्लिश यांना सेरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या संयुगात अतिसंवाहकता दिसली. तोवरचा अनुभव असा की अतिसंवाहकात चुंबकी अणूंची थोडी भेसळ झाली तरी जोड्या तुटतात. इथं तर प्रत्येक सेरियम अणूच चुंबकी! गंमत म्हणजे सेरियमच्या जागी लॅन्थॅनम हा चुंबकी नसलेला अणू घातला की अतिसंवाहकता जाते. तेव्हा फार थोड्यांनी विश्वास ठेवला, आणि त्याला कारणही होतं. एका भट्टीतला नमुना अतिसंवाहक निघे, दुसरीतला निघत नसे. तांब्याच्या किंचित कमी-जास्तीनं निकाल फिरत होता. पुन्हा स्पेक्ट्रो रिपोर्ट!

1986 मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडची एक काळी ठिसूळ चकती घेतली, जी बघून कुणाला विजेची आठवणही होणार नाही, आणि तिच्यात 30 केल्विनच्या वर अतिसंवाहकता दाखवली. वर्षभरात 93 केल्विनचा पदार्थ आला. द्रव नायट्रोजन उकळतो 77 केल्विनला. सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट बसवण्याआधी ती आकसावी म्हणून ज्यात बुडवतात, तेच हे लिक्विड नायट्रोजन.

या ऑक्साइडांमध्ये जोडी कंपनांमुळे जमते असं आज फारसं कुणी म्हणत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्या ढकलण्यातूनच जोडी जमते, असा बहुतेकांचा कल आहे. ऐकायला विचित्र वाटतं. पण ढकलणं सर्वांत जोरदार कुठं? दोघं एकाच जागी आले तर. म्हणून जोडीची तरंगरचनाच अशी होते की दोघं एका जागी सापडण्याची शक्यता शून्य. चार पाकळ्यांची ती रचना, लगतच्या पाकळ्यांची चिन्हं उलट, एक धन तर पुढची ऋण. आयबीएममधल्याच त्सुई आणि कर्टली यांनी 1994 मध्ये तीन वेगवेगळ्या दिशांना वळवलेले स्फटिक जोडून बारीक कडी तयार केली. चिन्ह खरंच बदलत असेल तर कडीत आपोआप अर्धा चुंबकीय पुंज, म्हणजे अडकणाऱ्या क्षेत्राच्या सर्वांत लहान मात्रेचा अर्धा भाग, अडकायला हवा. अर्धाच अडकला. हा प्रयोग मला आजही या क्षेत्रातला सर्वांत देखणा वाटतो.

आता कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊ. त्याच 1994 च्या जानेवारीत टाटा संस्थेच्या गटाचा एक शोधनिबंध छापून आला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि मंडळी, सोबत मुंबई आयआयटीचे बी. डी. पडालिया. त्याची आधीची गोष्ट महत्त्वाची आहे. ते यिट्रियम, निकेल आणि बोरॉनचं एक संयुग तपासत होते. त्यात 12 केल्विनला अतिसंवाहकतेची खूण दिसली, पण अगदी क्षीण. नमुन्याचा जेमतेम थोडा भाग अतिसंवाहक, बाकी सगळा साधा. असं दिसलं की बहुतेक जण काय करतात? ‘भेसळ असेल’ म्हणून नमुना बाजूला टाकतात. आपल्याकडेही रिजेक्शनच्या पेटीत गेलेला माल पुन्हा कोण उघडून बघतो?

यांनी बघितला. भेसळ आहे हे मान्य, पण कशाची? तपासाअंती कार्बन हाती लागला. कुणी मुद्दाम न घातलेला कार्बन. मग त्यांनी तो मोजून मुद्दाम घातला, आणि सबंध नमुना 12 केल्विनला अतिसंवाहक झाला. निकेलसारखा चुंबकत्वाशी नातं सांगणारा धातू असूनही. जगभरच्या प्रयोगशाळा त्यामागे धावल्या. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये निकेलऐवजी पॅलेडियम घालून तापमान 23 केल्विनवर गेलं. यिट्रियमच्या जागी होल्मियम घातला तर आणखी नवल. 8 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता येते, 5 च्या सुमारास होल्मियमचं चुंबकत्व जागं होऊन ती डळमळते, आणि अजून थंड केलं की पुन्हा सावरते. चुंबकत्व आणि जोडी यांचं भांडण एकाच स्फटिकात, तापमानाची खुंटी पिळून बघता येतं. शाळेच्या पुस्तकांत हा शोध का नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

आणि आता बिस्मथ.

बिस्मथवर दाब दिला किंवा त्याची स्फटिकरचनाच मोडून टाकली तर तो काही केल्विनला अतिसंवाहक होतो, हे जुनं ज्ञान. पण साधा, स्वस्थ, स्फटिकरूप बिस्मथ? दहा मिलिकेल्विनपर्यंत थंड करूनही काही दिसलेलं नव्हतं. दिसू नयेच, अशी अटकळ. कारण बिस्मथमध्ये विजेचं वहन करणारे इलेक्ट्रॉन फारच थोडे, एक लाख अणूंमागे एखादा. तांब्यात प्रत्येक अणूमागे एक. इतके थोडे इलेक्ट्रॉन असले की त्यांची ऊर्जाही थोडी असते, जवळपास स्फटिकाच्या कंपनांच्या बरोबरीची. मघाशी जी अट सांगितली, चपळ इलेक्ट्रॉन आणि मंद कंपनं, ती इथं मोडते.

ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन या चौघांनी तरीही बिस्मथ आणखी थंड करून बघायचं ठरवलं.  त्यांनी घेतलेला बिस्मथ 99.9999 टक्के शुद्ध. दहा लाख अणूंमागे परका अणू फार तर एक. आपल्या 2011 च्या बारमध्ये बिस्मथ हीच मिसळ असते. इथं बिस्मथमधली मिसळ शून्याकडे न्यायची होती, कारण लोखंड, मँगनीजसारख्या चुंबकी धातूचे मूठभर अणूही नाजूक जोड्या तोडायला पुरे.

मग थंडी. आधी हेलियम-3 आणि हेलियम-4 यांच्या मिश्रणावर चालणारं शीतकयंत्र, जे दहा मिलिकेल्विनच्या आसपास नेतं. त्याच्या खाली जायला पंप आणि द्रव उपयोगी नाहीत, तिथं तांब्याच्या अणुकेंद्रांना कामाला लावतात. तांब्याचा ठोकळा जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा, म्हणजे त्याच्या अणुकेंद्रांचे इवले चुंबक एका दिशेला वळतात. वळताना निघालेली उष्णता शीतकयंत्रानं शोषली की ठोकळ्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा आणि क्षेत्र सावकाश कमी करत आणायचं. अणुकेंद्रं पुन्हा विस्कटतात, विस्कटायला लागणारी उष्णता आजूबाजूकडून ओढतात. सगळं काही दिवसांच्या बेतानं, घाई केली की गरम.

शेवटचा शत्रू आपल्या पायाखालचा. बिस्मथची अतिसंवाहकता 5.2 मायक्रोटेस्ला एवढ्या क्षेत्रानंच मोडते. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे त्याच्या सात-आठ पट. म्हणजे नमुना उघडा ठेवला असता तर तो कितीही शुद्ध असो, कितीही थंड होवो, काहीच दिसलं नसतं. पृथ्वीचं चुंबकत्व अडवून ठेवणारी कवचं त्याभोवती उभारावी लागली.

आणि 0.53 मिलिकेल्विनला बिस्मथनं आपल्यातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं. ही अतिसंवाहकाची पक्की खूण. अवकाशातली सरासरी थंडी 2.7 केल्विन, त्याच्याही पाच हजार पट खाली, कुलाब्याच्या दमट हवेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. निबंध ‘सायन्स’मध्ये आला.

जोडी मग जमते कशानं? एमआयटीतले जोनाथन रुहमन आणि पॅट्रिक ली यांनी 2017 मध्ये मांडलं की इथं कंपनांची गरजच नाही. बिस्मथमध्ये हलके इलेक्ट्रॉन आहेत, तसेच जड धनभारित ‘होल’ही आहेत. होल सावकाश हलतात, आणि आयनांनी करायचं काम तेच करतात. माझ्या मते हे म्हणणं बरंच पटण्याजोगं आहे. पण एकमत झालेलं नाही, आणि इतक्या थंडीत प्रयोग करू शकणाऱ्या जागाच जगात मोजक्या असल्यानं लवकर होईल असंही वाटत नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेली असेल. जुलै 2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या काही जणांनी एलके-99 नावाचा, शिसं, फॉस्फेट आणि तांब्याचा पदार्थ खोलीच्या तापमानाला, किंबहुना 100 अंशांच्याही वर अतिसंवाहक असल्याचा दावा केला. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं तो पदार्थ बनवून बघितला, अतिसंवाहकता मिळाली नाही. इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांच्या लक्षात आलं की दाव्यातला रोध ज्या तापमानाला धाडकन उतरतो, त्याच 104 अंशांच्या सुमारास तांब्याच्या सल्फाइडची रचना बदलते. तो सल्फाइड नमुन्यात भेसळ म्हणून राहिला होता. पुढे शुद्ध स्फटिक केले तर ते चक्क विद्युतरोधक निघाले.

कुलाब्याच्या गटालाही भेसळच दिसली होती. तिच्यामागे लागून कार्बनपर्यंत पोचले, म्हणून शोध लागला. कोरियात ती तपासायच्या आधीच दावा जाहीर झाला.

टाटा संस्थेतच मंदार देशमुख यांच्या गटानं 2024 मध्ये छापलेलं काम सांगतो आणि विज्ञानाचा भाग आवरतो. तांब्याच्या एका ऑक्साइडचे, ज्यात पुन्हा बिस्मथ आहेच, अतिपातळ पापुद्रे काढून ते एकमेकांवर ठरावीक कोनात वळवून ठेवले. चार पाकळ्यांच्या त्या रचनेमुळे कोन बदलला की जोड्यांची ये-जा बदलते. छोट्या चुंबकीय क्षेत्राखाली हे सांधे एका दिशेनं जास्त अतिसंवाहक करंट जाऊ देतात, उलट दिशेनं कमी. म्हणजे डायोड, पण अतिसंवाहक, आणि 77 केल्विनपर्यंत चालणारा.

अशा क्वांटम कामांना बळ मिळावं म्हणून एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींहून थोडी जास्त रक्कम मंजूर केली. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. इथून तासाभरावर पाषाणला आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र चालतं. या सगळ्यांना मिलिकेल्विनची शीतकयंत्रं लागतात आणि ती आजही मुख्यतः फिनलंड आणि इंग्लंडकडून येतात. त्यांच्या आत काय असतं? ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या चकत्या, पातळ भिंतीच्या स्टीलच्या नळ्या, व्हॅक्यूम ब्रेझिंगचे सांधे, हेलियमच्या गळतीला दाद न देणारे फ्लँज. गाडीच्या एसीचे भाग हेलियमनं लीक टेस्ट करणं वाहन उद्योगाला नवीन नाही. अर्ध्या मायक्रॉनची फिनिश मागितली तर भोसरीत कुणी घाबरत नाही.

अडचण मला ठाऊक आहे. प्रयोगशाळेची ऑर्डर दोन नगांची असते, ड्रॉइंग तीनदा बदलतं, पेमेंटला सहा महिने लागतात, आणि मशीन तेवढा वेळ वाहनाच्या पार्टवर चाललं असतं तर हप्ता फिटला असता. तरीही सभागृहात बसलेल्या वर्कशॉपवाल्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा पाषाणला, पवईला किंवा कुलाब्याला जाऊन त्यांच्या वर्कशॉपच्या माणसाला भेटा, त्यांना बाहेरून काय मागवावं लागतं ते विचारा. आणि दोन नगांचं ड्रॉइंग तुमच्या टेबलावर आलं, तर क्वांटिटी कमी म्हणून ते परत पाठवू नका.